चौथा स्क्रू

दातांच्या डॉक्टरांनी आणलेलं पुडकं मिस्त्रीनं टेबलावर सोडलं, आतला कार्ब्युरेटर दाराच्या उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून वरच्या तोंडातून आत बघितलं आणि मग तो पुन्हा त्याच वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला. घड्या होत्या तिथंच घड्या घालत, कोपरे आत खुपसत, अजिबात घाई न करता. डॉक्टर बघत राहिले. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद होता आणि नाद म्हटला की माणसाला समोरच्याचा चेहरा दिसत नाही. "का हो मिस्त्री, पसंत नाही पडला? भंगारवाल्यानं शप्पथ घेऊन सांगितलंय, रेसच्या गाडीचा आहे म्हणून. हा माझ्या गाडीला बसवायचा. पण अट एकच. सिग्नलला उभी राहिली की मरता कामा नये. मागं असाच एक मोठा कार्ब्युरेटर बसवून घेतला होता, तर प्रत्येक सिग्नलला मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या." मिस्त्री म्हणाला, "ठेवून जा." डॉक्टर म्हणाले, "स्लोला उभी राहील ना?" तो म्हणाला, "बघतो." जाता जाता डॉक्टरांनी दारात नेहमीचा विनोद केला, की आपला दोघांचा धंदा एकच, फक्त मी भोकं बुजवतो आणि तुम्ही पाडता. मिस्त्री एरवी या विनोदाला कर्तव्य म्हणून हसायचा. आज त्याचे दात तेवढे दिसले. शनिवारी येतो म्हणून डॉक्टर गेले.

पुडकं त्यानं मागच्या फळीवर, रॉकेलच्या डब्यामागे ठेवलं आणि एका टेम्पोचा ब्रेक उघडायला बसला. नट सोडले, पुन्हा आवळले, पुन्हा सोडले. त्या कार्ब्युरेटरच्या आत दोन पितळेच्या गोल पाकळ्या होत्या, दोन तोंडांना दोन. प्रत्येक पाकळीला दाभणाएवढं एक भोक होतं. डावीचं भोक बरोबर मधोमध होतं, उजवीचं मध्यापासून थोडं घसरलेलं. ड्रिल घसरलं होतं, कारण शेजारी उभा राहून धाकटा म्हणाला होता, "दादा, तुझा हात थरथरतोय, म्हातारा झालास तू." तेव्हा मिस्त्री सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि त्याचा हात हसण्यामुळे हलला होता. बाहेरच्या कडेवर कानशीनं मारलेले तीन चरे होते, आपल्या हातून गेलेल्या प्रत्येक कामावर तो मारायचा तसे. तेवढं बघायची गरज नव्हती. स्वतःचं घसरलेलं भोक माणूस ओळखतो.

धाकटा म्हणजे त्याचा भाऊ, अकरा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता आणि आईनं त्याचा हात मिस्त्रीच्या हातात देताना एकच सांगितलं होतं, की याला पोटाला कमी पडू देऊ नकोस. पोटाला कमी पडलं नाही, वेगाला कमी पडलं. धाकट्यानं गाडीच्या इंजिनात झडपा जास्त उघडणारा रेसचा कॅम घातला, वर हा थोराड कार्ब्युरेटर चढवला आणि गाडी अशी झाली, की धावायला लागली तर ऐकायची नाही आणि उभी राहायची म्हटलं तर उभी राहायची नाही. थरथरायची, खोकायची, मरायची. उभ्या गाडीचं इंजिन सावकाश चालतं ठेवायचा जो स्लोचा स्क्रू, तो कितीही फिरवा, तिला पत्ताच नाही. मिस्त्रीनं तीन दिवस डोकं घातलं तेव्हा गोम कळली. असलं इंजिन सावकाश चालतानाही हवा जास्त मागतं. ती द्यावी म्हणून पाकळ्या किलकिल्या ठेवाव्या, तर जिथून पेट्रोल यायला नको तिथून ते यायला लागतं आणि इंजिन गुदमरतं. यावर इलाज जुनाच आहे. दार किलकिलं ठेवायचं नाही, दार लावून घ्यायचं आणि दारालाच बारीक भोक पाडायचं. धाकट्याला हे पटेना. एवढ्या महागाच्या वस्तूला भोक! त्यानं दोनदा विचारलं, "चुकलं तर?" मिस्त्री म्हणाला, "चुकलं तर माझं." हे वाक्य त्यानं आयुष्यात शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलं होतं आणि ते नुसतं सांगायचं असतं.

पाकळीला भोक पाडायचं तर ती तिला फिरवणाऱ्या दांडीवरून सोडवावी लागते. एका पाकळीला दोन बारीक पितळी स्क्रू, दोन पाकळ्यांना चार. आणि परत बसवताना नुसते आवळून भागत नाही, हेच या कामातलं खरं काम. स्क्रूचं पलीकडे निघालेलं टोक पंच ठेवून हलक्या हातानं ठोकायचं, ते फुगतं आणि मग स्क्रू जन्मात मागं फिरत नाही. ठोकलं नाही, तर इंजिनाच्या कंपानं स्क्रू कधीतरी सैल होतो, पाकळी जागची सरकते, भिंतीत अडकते आणि उघडी असेल तर उघडीच राहते. मग ड्रायव्हरनं पाय उचलला तरी गाडीला ते कळत नाही. हे त्याला ठाऊक होतं. तो ते शिकवायचासुद्धा. त्या दुपारी त्यानं पहिला स्क्रू ठोकला, टक. दुसरा, टक. तिसरा, टक. आणि तेव्हा दारात ती आली, धाकट्याची बायको. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि हा येतो येतो म्हणत तीन वाजवून बसला होता. ती आरडाओरडा करणाऱ्यातली नव्हती. सावकाश म्हणाली, "तुला गाडीच हवीय ना? मग गाडीतच राहा. वर पाऊल टाकू नकोस." धाकटा हसला आणि मग त्याचं हसू उतरलं. नवराबायकोच्या भांडणात थोरल्या दिरानं कुठं बघावं? मिस्त्रीनं मान खाली घातली. हातात पंच होता, समोर चौथा स्क्रू होता, कान तापले होते. यापुढे आठवण चालत नाही. पुढचं आठवतं ते एकदम कार्ब्युरेटर इंजिनावर चढलेला, नट आवळलेले, धाकटा किल्ली फिरवतोय. मधला तुकडा कुणीतरी कात्रीनं कापून नेल्यासारखा गेला आहे. त्यानं तो नऊ वर्षं शोधला. अंघोळ करताना, बसच्या रांगेत उभा असताना, कुणाच्या तरी लग्नात पंगतीला बसलेला असताना तो मनातल्या मनात मान खाली घालायचा, पंच धरायचा आणि चौथ्या टकची वाट बघायचा.

शब्दाला शब्द म्हणून धाकटा खरंच गाडीत झोपला. आणि सकाळी त्यानं अंगणात गाडी सुरू केली. वर्कशॉप खाली, राहायच्या खोल्या वर, खिडक्या अंगणावर. मिस्त्री आरशासमोर दाढी करत होता. इंजिन लागलं, दोनदा गुरगुरलं आणि स्लोला उभं राहिलं. काय उभं राहिलं! एकसारखं, न अडखळता, पोट भरलेल्या जनावरासारखं. त्याला इतका आनंद झाला, की वस्तरा हातात धरून तो नुसता ऐकत राहिला. पाच मिनिटं झाली, सात झाली, दहा झाली. त्याला वाटलं, पोरगं इंजिन गरम करतंय, आपलं काम पारखून बघतंय. आदल्या दिवसापर्यंत ती गाडी अर्धं मिनिटसुद्धा थांबली नसती, आता धाकट्याला हवा तेवढा वेळ थांबता येत होतं. मग आवाज चढला, फाटकातून बाहेर गेला आणि रस्त्यात विरून गेला. साडेनऊला पोलीस आले. शहराबाहेरचा सरळ रस्ता, कोरडा, रिकामा. उड्डाणपुलाचा खांब. पोलिसांनी कागदावर लिहिलं, बेफाम वेग. आणि लिहून झाल्यावर त्यातला एक वयस्क हवालदार बाजूला घेऊन म्हणाला, "घरी काही वाजलं होतं का? नाही, ब्रेकची खूण कुठं दिसली नाही म्हणून विचारतो." मिस्त्रीनं नाही म्हणून सांगितलं. गाडीचा चोळामोळा त्यांच्या आवारात वर्षभर पडून होता, मग लिलावात गेला. मिस्त्री एकदाही बघायला गेला नाही. जाऊन चार नट काढले असते तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. पण ज्याला निकाल नको असतो त्याचे पाय त्या वाटेला लागत नाहीत.

त्यानं मनाशी ठरवून टाकलं, स्क्रू सैल झाला. पाकळी अडकली, गाडी पळाली, धाकटा काही करू शकला नाही. कुणाला सांगितलं मात्र नाही. ते त्यानं स्वतःजवळ ठेवलं आणि त्यावर तो जगला. ऐकायला विचित्र वाटेल, पण या गुन्ह्यात एक ऊब होती. ज्या दिवशी खाणं जायचं नाही त्या दिवशी तो म्हणायचा, मी मारलं त्याला, आणि मग दोन घास जायचे. कारण दुसरी जी शक्यता होती, ती दाराबाहेर उभी होती आणि तिला आत घ्यायची त्याची छाती नव्हती. अडकली पाकळी, मान्य. मग ब्रेक? ब्रेक तापले असतील. बरं, किल्ली तरी? किल्ली फिरवायला कितीसा वेळ लागतो? घाबरला असेल. धाकटा घाबरला असेल? ज्यानं तेराव्या वर्षी माझी मोटरसायकल चोरून घाटात नेली तो? असा उलटतपास सुरू झाला, की मिस्त्री उठून काहीतरी कानसत बसायचा. निर्जीव लोखंड घासताना माणसाला प्रश्न पडत नाहीत, हा त्याचा अनुभव होता.

धाकट्याची बायको घर सोडून गेली नाही. माहेरी आई उरली नव्हती. वरच्या दोन खोल्यांत ती आणि पलीकडच्या एका खोलीत तो, स्वयंपाक एक. नऊ वर्षांत दोघांत भांडण झालं नाही आणि बोलणंही झालं नाही, म्हणजे मीठ, भाजी, नळ, गॅस एवढंच. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायला जायची. कागदावरच्या नंबराप्रमाणे भिंग फिरत्या दगडावर धरायचं, कड उतरवायची, चौकटीत बसवायचं. तिची नजर त्या कामानं अशी तयार झाली होती, की गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत असतानाच ती म्हणायची, डाव्या काचेला ओरखडा आहे तुमच्या. मंगळवारी, म्हणजे पुडकं फळीवर येऊन दुसऱ्या दिवशी, जेवताना तिनं मान वर न करता सांगितलं, "दुकानाच्या मालकांनी विचारलंय." मिस्त्रीला आधी कळलं नाही. "काय विचारलंय?" "लग्नाचं. त्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली. माणूस बरा आहे." तो हातातला घास हातातच ठेवून म्हणाला, "मग?" "मग काय. नाही सांगणार आहे सोमवारी." "का पण? माणूस बरा आहे म्हणतेस ना?" नळ ठिबकत होता तो उठून तिनं बंद केला, परत येऊन बसली आणि मग तिनं नऊ वर्षांत न काढलेली गोष्ट मीठ मागावं तशा आवाजात काढली.

"दादा, त्या सकाळी तो दहा मिनिटं थांबला होता. खिडकीखाली. मी उठून बसले होते, केससुद्धा बांधले होते. मला वाटलं, येईल वर. आणि तो खाली वाट बघत असणार, की ही खाली येईल. मी येऊ नकोस म्हटलं होतं ना, मग तो कसा येणार? मीच जायला हवं होतं. तेरा पायऱ्या आहेत, मोजल्यात मी नंतर. मी ऐकत बसले. आवाज इतका शांत होता, वाटलं, राहतोय उभा, काय घाई आहे." मग ती म्हणाली, "एकाला हाकललं ते पुरे. आता दुसऱ्याच्या दारात मला उभं राहायचं नाही." मिस्त्रीनं ताट पुढं सरकवलं. त्याला म्हणावंसं वाटलं, की अगं वेडे, तुझा काय संबंध, तो स्क्रू होता, माझा चौथा स्क्रू. शब्द ओठांपर्यंत आले. पण त्याच क्षणी त्याला फळीवरचं पुडकं आठवलं, आणि पहिल्यांदाच कळलं, की हे आता नुसतं म्हणायचं राहिलेलं नाही, बघता येण्यासारखं आहे. आणि जे बघता येतं ते न बघता सांगणं त्याला जमेना. कारागिराची खोड, दुसरं काय. शिवाय मनात एक हाव उठली. स्क्रू सैल निघेल. निघायलाच हवा. तो आपण तिच्या हातावर ठेवू, ती आपल्या तोंडावर थुंकेल आणि सोमवारी हो सांगेल.

तरी बुधवार गेला. गुरुवारची सकाळ गेली. भंगारवाल्यानं आत घाण जाऊ नये म्हणून कार्ब्युरेटरच्या खालच्या तोंडावर प्लायवुडचा तुकडा चार नटांनी आवळून टाकला होता. वरून पाकळ्यांची भोकं दिसत, स्क्रू दिसत नसत. ते मधल्या नळीच्या आड येत. पाकळ्या बंद होत्या आणि काजळीनं चिकटल्या होत्या, त्यावरून काही ठरत नव्हतं, कारण धडकेत काय उघडतं आणि काय मिटतं ते कोण सांगणार. म्हणजे मधे होते चार नट. त्यानं पुडकं चार वेळा खाली काढलं आणि चार वेळा परत ठेवलं. एकदा तर वाटलं, न्यावं आणि नदीत फेकून द्यावं, डॉक्टरांना सांगावं हरवलं. गुरुवारी दुपारी, ती दुकानात असताना, त्यानं वर्कशॉपचं दार आतून लावलं. दिवा खाली ओढला. पाना लावला. पहिला नट गंजला होता, त्यानं कुरकूर केली. बाकीचे तीन शहाण्यासारखे सुटले. प्लायवुड निघालं आणि त्यानं कार्ब्युरेटर उलटा केला.

चार टोकं होती. चारही फुगलेली. चारही नऊ वर्षांच्या काजळीनं सारखीच काळी. म्हणजे मधल्या काळात कुणाचा हात लागलेला नव्हता. दुसऱ्यानं छेडलेला स्क्रू मिस्त्री दहा फुटांवरून ओळखायचा, कारण ताजं पितळ लपत नाही. त्यानं बोट फिरवलं. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. चौथा तर बाकीच्यांपेक्षाही नेटका बसला होता. हातून एखाद्या दिवशी काम सहज सुंदर होऊन जातं तसा. मान खाली घातलेली, कान तापलेले, बाजूला संसार मोडतोय आणि हात आपलं काम करून मोकळा. त्यानं स्क्रूड्रायव्हर लावून जोर दिला, स्क्रू तसूभर हलला नाही. पाकळी उघडून बघितली, मिटून बघितली. भिंतीवर कुठं अडकल्याचा ओरखडा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या चांगल्या कामाचा संताप आला. एवढं कसं रे बरोबर केलंस? एकदा चुकायला काय झालं होतं तुला?

तो स्टुलावर बसला. आता दाराबाहेरची ती शक्यता कुणी न विचारता आत आली आणि समोर बसली. धाकट्यानं ब्रेक लावला नव्हता, कारण त्याला लावायचा नव्हता. खिडकीखाली दहा मिनिटं तो इंजिन पारखत नव्हता. तो वाट बघत होता. आणि मिस्त्री वर गालाला साबण लावून स्वतःवर खूश होत होता. गाडी पूर्वीसारखी खोकत असती, मरत असती, तर धाकट्याला खाली उतरावं लागलं असतं, बॉनेट उघडावं लागलं असतं, त्यानं हाका मारल्या असत्या, दादा, परत बंद पडली बघ, मिस्त्री खाली गेला असता, तिघं अंगणात उभी राहिली असती, कुणीतरी हसलं असतं. स्लो जमला म्हणून तो बसून राहू शकला आणि बसून बसून त्यानं काय ते ठरवलं. म्हणजे बघा, गुन्हा सुटला म्हणावं तर तोही सुटला नाही. फक्त त्यातली ऊब गेली. नऊ वर्षं एका सैल स्क्रूवर त्यानं संसारासारखा संसार केला होता आणि तो स्क्रू सैल नव्हताच. मिस्त्री रडला. आवाज न करता नव्हे, चांगला मोठ्यानं, दार लावलेलं होतं म्हणून.

मग त्यानं डोळे पुसले आणि बारीक कानस घेतली. हे त्यानं विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. त्याच्यापुढे सोमवार होता, तेरा पायऱ्या होत्या, बांधलेले केस होते. बघायचं ते बघून झालं होतं, आता सांगणं उरलं होतं. चौथ्या स्क्रूचं फुगलेलं टोक त्यानं घासून सपाट केलं. हळूहळू, शेजारच्या पाकळीला धक्का न लावता. मग स्क्रू दोन फेरे मागं फिरवला. पाकळी सैल झाली, दांडी फिरवली की भिंतीत अडकायला लागली, अडकली की तिथंच राहायला लागली. त्यानं पाच-सहा वेळा अडकवून बघितली. बरोबर अडकत होती. आयुष्यात मुद्दाम बिघडवलेली ही एकच वस्तू, आणि तीही व्यवस्थित बिघडली होती. फडक्यानं चुरा पुसून तो दार उघडून तिची वाट बघत बसला.

ती सहाला आली. अजून चांगला उजेड होता. "जरा इकडे ये," तो म्हणाला. या नऊ वर्षांत ती वर्कशॉपच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. आज आली, पिशवी खांद्यालाच ठेवून. त्यानं सगळं सांगितलं, मनात हजारदा म्हणून गुळगुळीत झालेलं. हा त्याच्याच गाडीचा, हे भोक बघ, हे चरे बघ. चार स्क्रू असतात, ते ठोकावे लागतात, चौथा मी ठोकला नाही. पाकळी अडकली. त्याच्या हातात काही नव्हतं, तुझ्या तर नव्हतंच नव्हतं. "चुकलं ते माझं," तो म्हणाला, "मी कुणाला बोललो नाही. तू मला काय म्हणायचं ते म्हण." त्याचा आवाज खरा निघाला, कारण त्यातलं दुःख खरं होतं. तिनं कार्ब्युरेटर त्याच्या हातातून घेतला. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की मिस्त्रीला वाटलं, जमलं. नऊ वर्षांचं काहीतरी खांद्यावरून घसरू पाहत होतं. तिनं दांडी फिरवली. पाकळी अडकली. "अशी अडकली?" "हो, अशीच." "मग तो काय करणार?" "काय करणार. काहीच नाही." ती दारापाशी उजेडात गेली, आणि सवयीनं, नुसत्या रोजच्या सवयीनं, तिनं पिशवीतलं भिंग काढून डोळ्याला लावलं.

मिस्त्रीला त्या वेळी कळलं. तिनं काही बोलायच्या आधी. त्यानं टोक घासलं होतं, फेरे मोजले होते, पाकळी अडकवली होती, चुरा पुसला होता. घासलेलं टोक परत काळं करायचं विसरला होता. रॉकेलच्या डब्याचं बूड, दिव्याची काच, जुन्या ग्रीसचं एक बोट, काहीही चाललं असतं. तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चोऱ्या चकाकीवरून पकडणाऱ्या माणसाला एवढं सुचलं नव्हतं. ती बराच वेळ बघत होती. मग तिनं भिंग खाली घेतलं, टोकावरून बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं. फडक्यातून निसटलेला पितळेचा बारीक चुरा त्यावर चमकत होता.

"तीन काळी आहेत, दादा," ती म्हणाली.

त्यानं टेबलावरचं फडकं उचललं आणि परत ठेवलं.

"आजच घासलंय ना?"

त्यानं मान खाली घातली. अगदी त्या दुपारी घातली होती तशी. तिनं कार्ब्युरेटर टेबलावर ठेवला, आवाज होऊ न देता. बोट पदराला पुसलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुम्हाला खोटं बोलायची सवय नाही. करायला जाऊ नये माणसानं असलं." आणि दारातून वळून, जणू भाजीचं सांगतेय अशा सुरात, "डॉक्टरांचं काम मात्र अडवू नका. नवा स्क्रू घाला." तिच्या चपला जिन्यावर वाजत गेल्या. मिस्त्रीनं मोजल्या नाहीत, तरी तेरा झाल्या.

शुक्रवारी त्यानं चौथा स्क्रू नवा घातला आणि ठोकला. टक. हा टक त्यानं लक्ष देऊन ऐकला, पण तो आता कुठल्याच रिकाम्या जागी बसत नव्हता. शनिवारी सकाळी डॉक्टर गाडी घेऊन आले, पोरासारखे हुरळलेले. मिस्त्रीनं कार्ब्युरेटर चढवला, नट आवळले आणि डॉक्टरांना म्हणाला, "बसा आत. सुरू करा. पायानं पेट्रोल देऊ नका, नुसतं बसून राहा." इंजिन लागलं, दोनदा गुरगुरलं. त्यानं वाकून बाहेरचे स्लोचे दोन्ही स्क्रू थोडे थोडे फिरवले, अर्धा फेरा आत, पाव फेरा बाहेर, कान लावून. आणि एका जागी इंजिन निवांत झालं. इंजिन वेगळं, गाडी वेगळी, पण आवाज तोच. एकसारखा, न अडखळता. डॉक्टर खिडकीतून ओरडले, "वा मिस्त्री! घड्याळ आहे हो घड्याळ!" मिस्त्री म्हणाला, "दहा मिनिटं चालू द्या, गरम झाल्यावर पुन्हा बघायचं असतं." खरं म्हणजे दोन मिनिटांत कळलं असतं. दहा का म्हटलं ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. तो स्क्रूड्रायव्हर धरून बॉनेटखाली वाकून राहिला. वरच्या खिडकीकडे बघायचं नाही एवढं त्यानं ठरवलं होतं. पाच मिनिटं झाली. सात झाली.

जिन्यावर चपला वाजल्या नाहीत, कारण ती अनवाणी आली होती. केस बांधलेले. अंगण ओलांडून ती सरळ गाडीच्या दाराशी गेली आणि तिनं हँडलवर हात ठेवला, उघडलं मात्र नाही. आत डॉक्टर गोंधळले. त्यांनी तिला जिन्यात जाता-येता बघितली असेल तेवढीच. त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीला हलता येईना. मग त्यांनी काच खाली केली आणि अदबीनं विचारलं, "काय हो ताई? काही हवंय का?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. इंजिन चालूच होतं.

"नाही," ती म्हणाली. "थांबलात ना, म्हणून आले."